शनिवारचा शेवटचा तास

आमच्या शाळेत कुठला विषय कोणाच्या गळ्यात पडणार हे शिक्षणावर ठरत नाही, वेळापत्रकातल्या भोकावर ठरतं. ड्रॉइंगचे सर रजेवर गेले की ज्याचा तास मोकळा तो ड्रॉइंग शिकवतो. मागे संस्कृतच्या बाईंकडे पी.टी.चा तास आला, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला मैदानात पद्मासन घालून बसवलं आणि स्वतः सावलीत वह्या तपासल्या. याच न्यायाने नववी-दहावीचं 'करिअर नियोजन व जीवन कौशल्ये' माझ्याकडे आलं. मी मराठी शिकवते. शनिवारी सकाळच्या शाळेत माझा शेवटचा तास मोकळा होता आणि तो मोकळा आहे हे लपवायची सोय नव्हती, कारण मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये आले तेव्हा मी मेथी निवडत होते.

"बाई, हा विषय तुम्ही घ्या. तुम्हाला बोलता छान येतं."

"पण सर, मला यातलं काही कळत नाही."

"ते कुणालाच कळत नाही. म्हणून तर बोलता येणारं माणूस पाहिजे."

माझं स्वतःचं करिअर एसटीने ठरवलं. बी.ए.ला मराठी घेतलं, कारण इतिहासाचे तास दुपारी व्हायचे आणि आमच्या गावची गाडी साडेबाराला सुटायची. बी.एड. केलं ते मैत्रिणीसाठी. तिला एकटीला पाठवायला तिच्या वडिलांची तयारी नव्हती, म्हणून सोबतीला माझाही फॉर्म भरला. तिचं पहिल्या सहामाहीतच लग्न ठरलं आणि ती गेली. मी सोबत म्हणून आले होते, ती अजून इथेच आहे.

आमच्या घराण्यात करिअरचं नियोजन झालंच नाही असं मात्र नाही. ते शेजारी करत. १९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि माझ्या काकांच्या एकदम लक्षात आलं की आपल्या मुलाला लहानपणापासून यंत्रांची आवड आहे. पुरावा म्हणजे त्याने एकदा घरातला रेडिओ उघडला होता. तो रेडिओ त्यानंतर कधी वाजला नाही, ही बाजू कुणी मांडली नाही. पुढे डी.एड.ची लाट आली, जिथे तिथे डी.एड. कॉलेजं निघाली आणि घरातल्या झाडून सगळ्या भाच्या-पुतण्यांना लहान मुलांची आवड निर्माण झाली. लाट ओसरली, कॉलेजांना कुलपं लागली, आवडही ओसरली. सध्या पुण्याला सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करायचे दिवस आहेत, त्यासाठी समाजसेवेची आवड लागते. आवड ही गोष्ट आमच्याकडे ॲडमिशनचे फॉर्म निघाल्यावरच उत्पन्न होते.

हा वारसा घेऊन मी तालुक्याच्या प्रशिक्षणाला गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवन कौशल्यं सांगितली, ती फळ्यावर एकाखाली एक लिहिली होती: स्व-जाणीव, समानुभूती, निर्णयक्षमता, समस्या निराकरण, परिणामकारक संप्रेषण, अशी खाली ताणतणावांच्या समायोजनापर्यंत. तज्ज्ञ मार्गदर्शकांनी परिणामकारक संप्रेषणाला हात घातला आणि माइक बंद पडला. ते तसेच बोलत राहिले. पुढच्या दोन रांगांना ऐकू येत असावं. मागे आमचं आपापसात फार परिणामकारक संप्रेषण चालू होतं. मग "समानुभूती म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघणं," असं ते म्हणाले, त्याच वेळी पंख्याखालचे एक सर पाणी प्यायला उठले आणि शेजारच्या सरांनी लगेच स्वतःला त्यांच्या जागी ठेवलं. निर्णयक्षमतेचं सत्र आधी घ्यायचं की जेवण आधी, हा निर्णय दीड वाजेपर्यंत होऊ शकला नाही. ताणतणावांच्या सत्रात प्रवासभत्त्याचा तक्ता सहीसाठी फिरू लागला आणि चौथ्या रांगेत गडप झाला. त्यानंतरचा अर्धा तास मात्र सर्वांनी अतिशय मन लावून सहभाग घेतला.

परत आल्यावर मी वर्गाला पहिला स्वाध्याय दिला: 'पाच वर्षांनी मी कुठे असेन?'

एकाने लिहिलं, 'पुण्यात.' पुण्यात काय करशील, असं विचारल्यावर म्हणाला, "ते गेल्यावर बघू." दुसऱ्याने लिहिलं, 'पाच वर्षांनी मी वीस वर्षांचा असेन.' गणित बरोबर होतं, मी बरोबरची खूण केली. एका मुलीने लिहिलं, 'लग्न झालं नसेल तर कॉलेजात.' याला काय शेरा द्यावा ते सुचेना, म्हणून शुद्धलेखन तपासलं. शेवटच्या बाकावरच्या एकाने चक्क दोन पानं लिहिली होती. पाच वर्षांनी त्याचा स्वतःचा जेसीबी असणार होता. तासाला भाडं किती, डिझेल किती, ऑपरेटरचा पगार, बँकेचा हप्ता, पावसाळ्यात काम बंद असतं म्हणून आधी बाजूला टाकायची रक्कम, सगळं मांडलेलं. प्रशिक्षणात ज्याला नियोजन म्हणत होते ते संपूर्ण वर्गात या एकाच वहीत होतं. पण समास सोडलेला नव्हता, त्यामुळे अर्धा गुण कापावा लागला.

मुलांचा कल कुठे आहे हे शोधायचा प्रयत्न सरकारनेही करून पाहिला आहे. २०१६पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. त्यात 'गणवेशधारी सेवा' नावाचं एक क्षेत्र होतं आणि आमच्या शाळेतली मुलं तिकडे लोटली होती. पालकांना बोलावून निकाल समजावून सांगायचं काम तेव्हाही मलाच मिळालं होतं. एका वडिलांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "गणवेशधारी म्हंजे?"

"म्हणजे पोलीस, सैन्य, अग्निशामक दल. ज्या कामात गणवेश असतो ते."

"मग आमचंबी तेच हाय की." त्यांची बँड पार्टी होती. लाल कोट, सोनेरी झुपके, डोक्यावर तुरा. त्यांच्या तोडीचा गणवेश तालुक्यातल्या फौजदारालाही नव्हता, त्यामुळे मला नाही म्हणता येईना. मुलगा आता त्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. कल चाचणी इतकी तंतोतंत खरी ठरल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

या वर्षी मुख्याध्यापकांना करिअर दिन साजरा करायची कल्पना सुचली. वेगवेगळ्या क्षेत्रांतली मंडळी बोलवायची, त्यांनी आपापल्या क्षेत्राबद्दल सांगायचं, मुलं प्रेरित होणार. मंडप घातला, शाल-श्रीफळं आणली, स्वागतगीताची पेटी दुरुस्त केली.

पहिले डॉक्टर बोलायला उभे राहिले. "मुलांनो, डॉक्टर होऊ नका," ही त्यांची सुरुवात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, पुढे एम.डी.ची तीन, तोवर बरोबरीच्या मित्रांची मुलं बालवाडीत जायला लागतात. आणि एवढं शिकून दवाखाना टाकला तर पेशंट खिशातून मोबाइल काढून म्हणतो, पण डॉक्टर, यात तर हळद लावायला सांगितलीय. बँकेतले साहेब उठले. ते म्हणाले, बँकेत येऊ नका, हल्ली लोक पैसे काढायला आले की त्यांना विमा विकावा लागतो आणि मग ते परत येत नाहीत. पुण्याहून आलेल्या माजी विद्यार्थी इंजिनियरने सांगितलं की तो चार वर्षं पूल बांधायला शिकला आणि आता रात्रपाळीत अमेरिकेतल्या एका दुकानाची वेबसाइट बंद पडू नये म्हणून जागतो. प्रगतिशील शेतकरी म्हणून ज्यांना बोलावलं होतं त्यांनी माइक हातात घेऊन फक्त "काहीही करा, शेती नको" एवढंच म्हटलं आणि खाली बसले. मुलांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. हे वाक्य ती रोज जेवताना ऐकतात.

हवालदारसाहेबांनी भरतीची सविस्तर माहिती दिली. मुलांना सोळाशे मीटर धावणं, मुलींना आठशे, मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. मग त्यांचा गळा भरून आला. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी घरच्या गणपतीची एकही आरती केलेली नाही, कारण ते दुसऱ्यांच्या गणपतीच्या बंदोबस्ताला असतात. दिवाळीत तेच. मुलगी कितवीत आहे हे त्यांना एकदा मुलीलाच विचारावं लागलं. सभागृह गंभीर झालं असं मला वाटलं. शंकानिरसनात मागून हात वर झाला.

"सर, सोळाशे पाच मिनिटं दहा सेकंदांत मारलं की पैकीच्या पैकी ना?"

बाकी काही त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. आमच्या गावात पहाटे पाचला रस्त्यावर तुम्ही निघालात तर कुत्री भुंकत नाहीत, पळणाऱ्या पोरांची त्यांना सवय झाली आहे.

स्वतःच्या धंद्याबद्दल चार शब्द बरे बोलले ते फक्त विमा प्रतिनिधी. ते वेळेआधी आले, सगळ्यांशी हसले, मुलांना म्हणाले की या क्षेत्रात तुमची प्रगती तुमच्या हातात आहे. मुलांचा कल काही बदलला नाही, पण कार्यक्रम संपायच्या आत चित्रकलेच्या सरांनी आणि बँकेतल्या साहेबांनी त्यांच्याकडून पॉलिसी घेतली. आभारप्रदर्शनात मुख्याध्यापक म्हणाले, "सर्व मान्यवरांच्या प्रेरणादायी मार्गदर्शनातून विद्यार्थ्यांना नवी दिशा मिळाली."

दिशा मिळाली का, हे बघायला मी सोमवारी दहावीच्या मुलींना गाठलं. वर्गात पहिली येणारी म्हणाली, ती आर्ट्स घेणार आहे.

"तुला सायन्स झेपेल की गं. विज्ञानात तर तुला नव्वदच्या पुढे आहेत."

"झेपेल, पण प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि आमच्याकडची शेवटची गाडी पावणेपाचला आहे."

गाडी पावणेपाचला का सुटते याचं उत्तर दहा कौशल्यांपैकी कशात येतं ते मी पाहिलं. समस्या निराकरणात येत असावं. मी आगारात अर्ज दिला. आगारात सांगितलं, गाडी पाचच्या पुढे न्यायची तर चालकाची ड्युटी बदलावी लागेल, आणि ते वरून ठरतं. वर म्हणजे कुठे, असं विचारल्यावर त्यांनी छताकडे पाहिलं. मग मुलीच्या वडिलांनाच भेटले. ते म्हणाले, "तुम्हीबी याच गाडीनं शिकला न्हाय का? काय वाईट झालं तुमचं?" यावर मला उत्तर देता येईना. बोलता छान येतं म्हणून हा विषय माझ्याकडे आला आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

करिअरचं जमेना म्हणून मी जीवन कौशल्यांवर भर दिला. मुलांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असं काही शिकवावं, असा विचार होता. गॅस सिलिंडरवर वरच्या पट्टीला एक अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत, आणि पुढे वर्ष. त्या तारखेला सिलिंडरची पुन्हा तपासणी व्हायला हवी. मुलांना हे फार आवडलं. घरी जाऊन बघून या म्हटलं. पुढच्याच आठवड्यात एका मुलाची आई शाळेत आली. पोराने दारात आलेला सिलिंडर तारीख उलटलेली आहे म्हणून परत पाठवला होता, दुसरा अजून आला नव्हता आणि ती माउली भरल्या पावसात ओल्या सरपणावर भाकऱ्या थापत होती.

"बाई, पोरगं हुशार झालं, त्याबद्दल काय म्हणणं नाही. पण ते जीवन कौशल्य जरा बेतानं शिकवा."

पुढच्या तासाला मी सुरक्षित विषय निवडला, सातबारा कसा वाचावा. गाव नमुना सातवर जमीन कोणाची ते कळतं, बारावर पीक कुठलं ते, आठ-अ वर एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. फळ्यावर चौकट आखली, रकाने पाडले, वर छान अक्षरात गट क्रमांक लिहिला. तेवढ्यात जेसीबीवाला उठला.

"बाई, मालकाचं नाव नंतर. आधी इतर हक्कात बघायचं. सोसायटीचा बोजा असतोय तिथं."

"आणि कूळ लागलंय का ते," दुसरा म्हणाला.

"आन् फेरफार नंबर बघायचा. आमच्या चुलत्यानं तिथंच घोळ घातला," तिसऱ्याने भर टाकली. मग चुलत्यांचा विषय निघाला. चाळीस मुलांच्या वर्गात घोळ न घातलेला चुलता एकाही मुलाला नव्हता. कोर्टात तारीख कशी पडते, मोजणीचा अर्ज कुठे द्यायचा, हिस्सेदार सहीला यायला तयार नसेल तर त्याच्या बायकोच्या माहेरी निरोप कसा पाठवायचा, हे सगळं मी त्या दिवशी शिकले. घंटा झाली तरी कुणी उठेना. माझ्या माहेरच्या जमिनीची कागदपत्रं बघून देतो, असं जेसीबीवाल्याने जाता जाता सांगितलं. समास सोडायला त्याला अजूनही येत नाही.

ताणतणावांच्या समायोजनाचा धडा मात्र फसला, आणि तो फसला आमच्या स्टाफरूममुळे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ला निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे, त्यांनी नोकरीत राहायचं तर दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. झालं. ज्यांनी आयुष्यभर मुलांना 'परीक्षेला घाबरायचं नसतं' असं सांगितलं ते सहावीचे गुरुजी मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राचं गाइड वर्तमानपत्रात गुंडाळून वाचायला लागले. सातवीच्या बाईंनी बोटात अंगठी घातली. मी वर्गात दीर्घ श्वसन शिकवत होते तेव्हा एक मुलगा म्हणाला, "बाई, हे तिकडं गुरुजींना पण शिकवा. त्यांनी आज आमच्याकडं पेपर कोरा सोडला तर मायनस मार्क असतात का म्हणून विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नसतात. काही येत नसलं तरी गोळा काळा करा. आणि जे येतंय ते आधी सोडवा."

माझ्या शिकवण्याचा फायदा कुणाला झाला असेल, तर आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या नववीतल्या एका मुलीला. मी मेथीची जुडी उचलली. ती म्हणाली, "बाई, सगळ्यांना पंचवीस, तुम्हाला म्हणून वीस." मला भरून आलं. मी तीन जुड्या घेतल्या. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं की त्यांनी तिच्याकडूनच पंधराला घेतली. सोमवारी मी तिला वर्गाबाहेर बोलावलं.

"अगं, हे काय?"

"बाई, तुम्हीच शिकवलं ना. परिणामकारक संप्रेषण. समोरच्याला आपण खास आहोत असं वाटलं पाहिजे." जराशी थांबून म्हणाली, "तुम्हाला वाटलं ना?"

सत्र संपताना वरून तक्ता आला. लाभार्थी विद्यार्थी किती, उपक्रम किती, उपक्रमांचे फोटो जोडावेत, फोटोत विद्यार्थी आनंदी दिसावेत. माहिती आजच पाचपर्यंत भरायची होती आणि आदेश चारला मिळाला होता. ऑनलाइन भरायचं म्हणून संगणक कक्षात मी दहावीतल्या एका मुलाला मदतीला घेतलं. त्याच्या वडिलांचं सेतू केंद्र आहे, त्यामुळे हा पोरगा तिसरीपासून लोकांचे उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले भरत आला आहे. सगळे रकाने त्याने भराभर भरले. शेवटचा होता 'करिअर निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या'.

मी पूर्ण वर्ष डोळ्यांपुढे आणून पाहिलं आणि म्हटलं, "निरंक लिही."

त्याने माउसवरचा हात काढला. "बाई, निरंक कधी लिहायचं नसतं. निरंक लिहिलं की खुलासा मागतात. खुलासा दिला की बैठक लावतात."

"मग आकडा काय टाकू? खोटं लिहायचं?"

"आकडा टाकला की यादी मागतात." त्याने टाइप केलं, 'कार्यवाही सुरू आहे', आणि सबमिट दाबलं. चार मिनिटांत वरून उत्तर आलं: माहिती स्वीकारली. आमच्या केंद्रातल्या बाकी सगळ्या शाळांचे तक्ते त्रुटीसाठी परत गेले, असं नंतर कळलं.

मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की मी विचारलं, "बाळा, तुला स्वतःला पुढे काय व्हायचंय रे?"

तो संगणक बंद करत म्हणाला, "कार्यवाही सुरू आहे, बाई."